अंगावरचे दूध: पहिल्या तासापासून कामावर परतेपर्यंत काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे

गोव्यात आता जवळजवळ सगळी बाळंतपणे इस्पितळात होतात. तरीसुद्धा घरी परतताना अनेक बाळांच्या पिशवीत डब्याची पावडर आणि बाटली असते, आणि कारण विचारले तर बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते: ‘हिला दूधच येत नव्हते.’ हा निष्कर्ष बहुधा दुसऱ्या रात्री काढला जातो. त्या रात्री आईच्या स्तनांत फक्त चीक असतो, तसाच तो असायला हवा, आणि निरोगी बाळाला तेवढाच पुरतो. भरपूर दूध उतरते ते साधारणपणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे नेमके घरी जाण्याच्या सुमारास, जेव्हा शंका विचारायला परिचारिका जवळ नसते.

पुढचे सगळे टप्पे एका गोष्टीवर उभे आहेत. स्तनातून जितके दूध बाहेर निघते, तितके नवे तयार होते. दूध आत साचून राहिले की शरीर ते करणे कमी करते. वरच्या दुधाने बाळाचे पोट भरले की ते अंगावर कमी ओढते, कमी ओढल्यामुळे दूध कमी होते, आणि कमी झालेल्या दुधामुळे वरचे दूध आणखी वाढवावे लागते. ‘दूध नाही’ ही तक्रार पुष्कळदा अशा रीतीने मागाहून खरी ठरते. म्हणून येथे क्रमाला महत्त्व आहे.

जन्मानंतर तासाभरात पाजणे सुरू करावे, पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे पाजत राहावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हा लेख त्यातल्या पहिल्या काही महिन्यांपुरता आहे.

टप्पा १: बाळंतपणाआधीची तयारी

ही तयारी आठव्या महिन्यात करावी. कळा सुरू झाल्यावर कोणालाही काही ठरवता येत नाही.

१. जेथे नाव घातले आहे तेथे तीन प्रश्न विचारून ठेवावेत. जन्मताच बाळ आईच्या छातीवर ठेवतात का? सिझेरियन झाल्यास पहिल्या पाजण्याला कोण मदत करते? वैद्यकीय कारण असल्याशिवाय आणि आईला विचारल्याशिवाय बाळाला पावडरीचे दूध देणार नाहीत ना? बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो, म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ असो, की गावातले खासगी प्रसूतिगृह असो, हे विचारण्यात संकोच नसावा.

२. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना स्तनही दाखवावेत. स्तनाग्रे आत वळलेली असल्यास, स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असल्यास, थायरॉईड, मधुमेह किंवा कायमची औषधे असल्यास ते आधीच सांगावे. आत वळलेल्या स्तनाग्रांवरही बाळ पिऊ शकते, कारण बाळ स्तनाग्र नव्हे तर स्तन तोंडात घेते. मात्र पहिल्या दिवसांत मदतीचा हात जास्त लागतो. गरोदरपणात स्तनाग्रे टॉवेलने घासणे किंवा ओढणे हे दोन्ही करू नये. त्याने कातडे दुखावते, आणि ओढण्याने कळा सुरू होऊ शकतात.

३. घरच्यांशी आधी बोलावे. बाळंतपण माहेरी असेल तर आईशी, सासरी असेल तर सासूबाईंशी. मध चाटवणे, साखरपाणी, घुटी यांतले काही होणार नाही, हे सातव्या-आठव्या महिन्यात शांतपणे ठरले तर पहिल्या रात्री वॉर्डात वाद होत नाही. नवऱ्याने यात मध्यस्थी करावी असे माझे मत आहे, कारण नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीने वडीलधाऱ्यांना नकार देत बसणे ही तिच्यावरची अकारण वेठ आहे.

४. सामान थोडेच लागते: पुढून उघडणारे दोन गाऊन, दोन उशा, मऊ सुती दुपटी, कापडी लंगोट, स्टीलची छोटी वाटी आणि चमचा. बाटली आणि चोखणी विकत घेऊच नये. ती घरात असली की रात्री दोन वाजता हात तिकडेच जातो.

सावधान: भारतात १९९२च्या कायद्याने बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातीला तसेच मोफत नमुने वाटण्याला बंदी आहे. कोणी ‘भेट’ म्हणून डबा दिला तर तो घेऊ नये.

टप्पा २: पहिला तास

बाळ जन्मले, रडले, पुसून कोरडे केले, की त्याला उघडेच आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवावे आणि पाठीवरून कोरडे दुपटे घालावे. मान एका बाजूला वळलेली आणि नाक मोकळे असावे. वजन, कपडे, फोटो हे सगळे थांबू शकते. अंघोळ तर एक दिवसानंतरच घालावी. बाळ काही वेळ नुसते पडून राहते, मग तोंडाची हालचाल करते, हात चाटते आणि हळूहळू स्तनाकडे सरकते. याला वीस मिनिटे लागतात, कधी पाऊण तासही लागतो. ते ओढत नाही म्हणून त्याचे डोके धरून स्तनावर दाबणे ही या तासातली सर्वांत मोठी चूक आहे, कारण अशा बाळाला स्तन म्हणजे जबरदस्ती असे वाटू लागते आणि पुढे ते पाठ ताठ करून रडते.

सिझेरियन पाठीत इंजेक्शन देऊन झाले असेल तर आई जागी असते. टेबलावरच बाळाचा गाल आईच्या गालाला लावता येतो आणि रिकव्हरी खोलीत परिचारिकेने धरले तर पहिले पाजणेही होते. सलाईन चालू असणे, टाके असणे, उताणे झोपलेले असणे यांमुळे पाजण्यात अडथळा येत नाही.

बाळाला अतिदक्षता विभागात न्यावे लागले तर आईने शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, हाताने चीक काढायला सुरुवात करावी आणि त्यानंतर दर दोन-तीन तासांनी काढत राहावे. सुरुवातीला चमच्याच्या तळाला जेमतेम काही थेंब दिसतील. तेही फेकू नयेत. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना तर या थेंबांची आणि छातीशी उघडे धरण्याची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

चीक पिवळसर, दाट आणि थोडा असतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी काही मिलिलिटरच पिते, त्यामुळे ‘एवढ्याने काय होणार’ हा प्रश्न मोठ्या माणसाच्या पोटाचा विचार करून केलेला असतो. संसर्गापासून संरक्षण देणारे घटक याच दुधात सर्वाधिक असतात.

सावधान: मध एक वर्षापर्यंत मुळीच देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाचे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

टप्पा ३: बाळ स्तनाला नीट लावणे

स्तनाग्रे फुटणे, दूध साचणे, बाळाचे वजन न वाढणे, तासभर पिऊनही बाळ उपाशी राहणे या चारही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते. म्हणून हा टप्पा घाईने वाचू नये.

१. आधी आईने बसावे. पाठीला आधार, पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले, खांदे सैल. आईने बाळाकडे वाकू नये. उशी देऊन बाळाला स्तनाच्या उंचीला आणावे. वाकून पाजणाऱ्या आईची पाठ चार दिवसांत धरते आणि मग ती पाजणे लवकर आवरते घेते.

२. बाळ पूर्ण कुशीवर वळलेले असावे. त्याचे पोट आईच्या पोटाला लागावे आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत असावेत. पोट छताकडे आणि मान तेवढी स्तनाकडे वळवलेली, अशी बाळे सर्रास दिसतात. मान वळवून पाणी गिळून पाहावे, म्हणजे बाळाला काय होते ते कळेल.

३. उजव्या स्तनाला पाजताना बाळाला डाव्या हातावर घ्यावे. तळहात त्याच्या खांद्यांच्या मध्ये, अंगठा आणि बोटे कानांच्या मागे मानेला आधार देणारी. डोक्याच्या मागून दाब देऊ नये. डोके थोडे मागे जाण्याची मोकळीक हवी.

४. उजव्या हाताने स्तन खालून धरावा, अंगठा वर आणि बोटे खाली, काळसर भागापासून दूर. बाळाच्या ओठांच्या रेषेत स्तन किंचित चपटा करावा. जाड पोई खाताना आपण ती दाबून तोंडात घेतो, तसेच हे आहे. कात्रीसारखी दोन बोटे स्तनाग्राजवळ धरण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. त्या बोटांमुळे बाळाला स्तन पुरेसा तोंडात घेता येत नाही.

५. स्तनाग्र बाळाच्या तोंडासमोर न आणता नाकासमोर आणावे आणि वरच्या ओठाला हळूच स्पर्श करावा. बाळ मान किंचित मागे टाकून जांभईसारखे मोठे तोंड उघडते. त्या क्षणाची वाट पाहणे हेच येथले कौशल्य आहे. अर्धे तोंड उघडलेले असताना घाई केली की फक्त स्तनाग्र आत जाते, आणि ते हिरड्यांमध्ये चेपले जाते.

६. तोंड मोठे उघडताच खांद्यांना आधार देणाऱ्या तळव्याने बाळाला झटकन जवळ ओढावे. स्तन बाळाकडे नेऊ नये. आधी हनुवटी टेकते, मग खालचा ओठ काळसर भागाच्या खालच्या कडेवर बसतो आणि शेवटी वरचा ओठ मिटतो.

आता पाहावे. हनुवटी स्तनात रुतलेली आणि नाक मोकळे असते. खालचा ओठ बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. काळसर भाग वरच्या ओठाकडे जास्त आणि खालच्या ओठाकडे कमी दिसतो. गाल गोल राहतात, त्यांना खळी पडत नाही. सुरुवातीला बाळ भराभर ओढते आणि दूध सुटले की चाल संथ होते: ओढणे, क्षणभर हनुवटी खाली जाऊन थांबणे, गिळणे. शांत खोलीत गिळण्याचा हलका आवाज ऐकू येतो. ‘चट् चट्’ असा आवाज येत असेल तर पकड सैल आहे असे समजावे.

तपासणी: पहिले काही क्षण ओढ लागून थोडे दुखू शकते. अर्ध्या मिनिटानंतरही दुखत असेल तर सहन करू नये. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवून ओढ सोडवावी आणि पुन्हा पाचव्या पायरीपासून सुरुवात करावी, चार वेळा करावी लागली तरी. सोडल्यानंतर स्तनाग्र गोल दिसायला हवे. ते चपटे, तिरके किंवा पांढरे पडलेले दिसले तर पकड चुकीची होती.

सिझेरियन झालेल्या आईला मांडीवर आडवे बाळ घेतल्याने टाक्यांवर भार येतो. तिने बाळाला काखेखालून, पाय पाठीमागे जातील असे उशीवर घ्यावे, किंवा कुशीवर झोपून पाजावे. झोपून पाजू नये, दूध कानात जाते, असे अनेक घरांत सांगितले जाते. बाळ नीट कुशीवर असेल, नाक मोकळे असेल आणि आई जागी असेल तर असे पाजण्यात काही गैर नाही, आणि पहिल्या आठवड्यात तर ते आईला विश्रांती देणारे आहे. झोप अनावर होत असेल तर मात्र बाळाला शेजारच्या पाळण्यात ठेवायला दुसऱ्या कोणाला तरी सांगावे. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपी जाणे धोक्याचे आहे.

टप्पा ४: पहिले तीन दिवस आणि दुसरी रात्र

बाळाला घड्याळाने नव्हे, खुणांनी पाजावे. चुळबुळ, तोंड उघडझाप, मान इकडेतिकडे वळवणे, मूठ तोंडाकडे नेणे या भुकेच्या खुणा आहेत. रडणे ही शेवटची खूण असते. रडणारे बाळ आधी छातीशी धरून शांत करावे लागते, मगच ते स्तन धरते.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हे सामान्य आहे. झोपाळू बाळाला, विशेषतः काविळीची छटा असलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला, तीन तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नये. कपडे सैल करून, पाठीवरून हात फिरवून जागे करावे. एक बाजू बाळ स्वतःहून सोडेपर्यंत पाजावी, ढेकर काढावी, मग दुसरी द्यावी. दहा मिनिटे इकडे, दहा मिनिटे तिकडे असा हिशेब ठेवू नये. रात्रीचे पाजणे चुकवू नये, कारण दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री जास्त असते.

दुसऱ्या रात्री बहुतेक बाळे सारखी स्तन मागतात. अर्धा तास पिते, खाली ठेवले की दहा मिनिटांत पुन्हा रडते. संध्याकाळी भेटायला आलेली मंडळी गेलेली असतात, आई थकलेली असते, शेजारच्या खाटेवरून कोणीतरी ‘भुकेले आहे गं ते’ म्हणते, आणि सोबतीला असलेली मावशी डबा आणायला खाली उतरते. त्या बाळाचे वागणे योग्यच असते. वारंवार ओढून ते पुढच्या दोन दिवसांचे दूध मागवत असते. सोबतीला असलेल्या बाईने त्या रात्री बाळाची ढेकर काढावी, लंगोट बदलावा, आईला पाणी आणि खायला द्यावे, दर वेळी पकड पाहावी. भेटणाऱ्यांची वर्दळ तीन दिवस थांबवता आली तर उत्तमच, कारण चारचौघांत पाजायला लाजून आई दुपारची दोन-तीन पाजणी चुकवते.

तपासणी: लंगोट मोजावेत. ओले लंगोट पहिल्या दिवशी किमान एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन आणि पाचव्या दिवसापासून रोज सहा किंवा अधिक. शी पहिल्यांदा काळी चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व पातळ होते. डायपरमध्ये मोजणी कळत नाही, म्हणून पहिला आठवडा कापडी लंगोटच वापरावेत. पहिल्या दिवसांत वजन थोडे घटते. घट जन्माच्या वजनाच्या सात टक्क्यांच्या पुढे गेली तर पकड व पाजण्याची संख्या तपासून घ्यावी, आणि दहा टक्क्यांपर्यंत पोचली तर बाळ लगेच डॉक्टरांना दाखवावे. दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन परत यायला हवे.

टप्पा ५: घरी आल्यावर छाती दाटते तेव्हा

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी स्तन जड, गरम आणि ताठ होतात. काही वेळा काळसर भागही इतका ताणतो की बाळाला धरताच येत नाही, आणि मग ‘आता दूध आहे पण बाळ पीत नाही’ अशी नवी तक्रार सुरू होते. क्रम असा ठेवावा.

१. पाजण्याआधी दोन-तीन मिनिटे कोमट ओला कपडा ठेवावा.

२. स्तनाग्राच्या भोवती बोटांची टोके ठेवून छातीच्या दिशेने हळूच, मिनिटभर, दाबून धरावे. सूज मागे सरकते आणि तो भाग मऊ होतो.

३. हाताने थोडेसे दूध काढावे आणि लगेच बाळ लावावे.

४. पाजून झाल्यावर थंड ओला कपडा ठेवावा.

सावधान: मालीश करणाऱ्या बाईकडून दाटलेले स्तन जोराने चोळून घेऊ नयेत. त्याने सूज वाढते. स्तनाचा एक भाग लाल, दुखरा झाला आणि ताप, थंडी वाजणे सुरू झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि त्या बाजूने पाजणे बंद करू नये. त्या दुधाने बाळाला अपाय होत नाही.

बाळंतिणीच्या खाण्याविषयी थोडक्यात. पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचे तिझन, मूग, भाज्या, अंडी, अळिवाचे किंवा मेथीचे लाडू हे सगळे चांगले अन्न आहे. पण केवळ लाडवांनी दूध वाढत नाही, बाळाने ओढल्याने वाढते. नुसत्या पेजेवर ठेवलेली बाळंतीण अशक्त होते. मासे बंद करण्याचे कारण नाही. बांगडा, तारले खुशाल खावेत. मोरीने दूध वाढते असा आपल्या किनारपट्टीवर जुना समज आहे. मात्र मोरी म्हणजे लहान शार्क, आणि शार्कच्या मांसात पारा साठतो, म्हणून पाजणाऱ्या आईने ती टाळावी. ‘अंगात ऊब येण्यासाठी’ काही घरांत दिला जाणारा ब्रँडीचा किंवा फेणीचा घोटही नको. मद्य दुधात उतरते आणि दूध सुटण्याची क्रिया मंदावते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाळंतपणानंतरही चालू ठेवाव्यात.

बाळाला पाणी देऊ नये, मे महिन्यातल्या उकाड्यातही नाही. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. उकाडा असेल तर बाळाला जास्त वेळा पाजावे आणि आईने स्वतः पाणी प्यावे. ग्राइप वॉटर आणि घुटी यांनाही हेच लागू आहे. डॉक्टरांनी दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज द्यावेत. ते केवळ आईच्या दुधाच्या नियमात बसतात.

टप्पा ६: ‘दूध पुरत नाही’ असे वाटले तर

काहीही देण्याआधी पुढच्या चार गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. बाळ रडते, संध्याकाळी सारखे पिते, स्तन पूर्वीसारखे ताठ लागत नाहीत, पंपाने थोडेच दूध निघते: यांपैकी एकही दूध कमी असल्याचा पुरावा नाही. दोन-तीन आठवड्यांनंतर स्तन मऊ लागणे तर स्वाभाविकच आहे, आणि त्या सुमारास तसेच दीड महिन्याच्या आसपास बाळ काही दिवस जास्त मागते.

पहिले, लंगोट मोजावेत. सहा किंवा अधिक ओले असतील, लघवी फिकी असेल, तर दूध पुरते आहे असे समजून तपासणी येथेच थांबवावी.

दुसरे, वजन करावे. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत, दर वेळी त्याच काट्यावर. जन्माचे वजन परत आल्यावर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ पुरेशी आहे.

तिसरे, पकड पाहावी, शक्यतो जाणत्या परिचारिकेकडून, प्रत्यक्ष पाजत असताना. जीभ खाली बांधलेली असल्यास तेही येथेच कळते.

चौथे, दोन दिवस सगळे सोडून फक्त पाजावे. बाळ छातीशी उघडे धरून, दर दोन तासांनी, दोन्ही बाजूंनी. घरातले दुसरे कोणतेही काम त्या बाईकडे जाऊ नये. हे घरच्यांनी पाळले तरच ही पायरी खरी होते.

एवढे करूनही वजन वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञ सांगतील ते वरचे दूध द्यावे. त्यात अपराध वाटण्यासारखे काही नाही. उपाशी बाळ हे कोणत्याही तत्त्वापेक्षा मोठे आहे. मात्र आधी अंगावर पाजावे, मग स्वतःचे काढलेले दूध, आणि त्यानंतर उरलेली गरज पावडरीने भागवावी, तीही बाटलीने नव्हे तर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, आणि डब्यावर सांगितलेल्या प्रमाणापेक्षा पाणी वाढवू नये.

तातडीने इस्पितळात जावे, रात्र असली तर १०८ला फोन करून, जर: जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच अंग पिवळे दिसले, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला (कोवळ्या उन्हात धरणे हा त्यावरचा उपचार नाही), बाळ जागेच होत नाही किंवा पिणे सोडले आहे, बारा तासांत लघवी नाही, अंग तापले किंवा गार पडले, श्वास भरभर चालला आहे.

आईला सर्दी, ताप, पोटाचा विकार झाला तर पाजणे थांबवू नये. कोणतेही औषध घेताना आपण पाजत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. बहुतेक आजारांसाठी पाजताना चालणारे औषध मिळते. एचआयव्ही, क्षयरोग किंवा कर्करोगाचा उपचार चालू असल्यास निर्णय शेजारणीच्या नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा.

टप्पा ७: कामावर परतताना

पात्र असलेल्या नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन विराम देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर असावे लागते. वेर्ण्याच्या कारखान्यात असो की हॉटेलात, हे विराम रजेवर जातानाच लेखी मागून ठेवावेत. रोजंदारीवर किंवा छोट्या दुकानात काम करणाऱ्या बायकांना ही रजा बहुधा मिळत नाही, आणि लवकर परतावे लागल्यामुळे दूध काढून ठेवण्याची खरी गरज त्यांनाच आहे.

सुरुवात परतण्याआधी दोन-तीन आठवडे करावी. सकाळी बाळ पिऊन झाल्यावर एकदा दूध काढावे.

१. हात साबणाने धुवावेत. रुंद तोंडाचे स्टीलचे भांडे आणि घट्ट झाकणाचा डबा उकळून घ्यावा.

२. अंगठा वर आणि तर्जनी खाली, स्तनाग्रापासून सुमारे तीन-चार सेंटिमीटर मागे ठेवावीत. आधी छातीच्या दिशेने आत दाबावे, मग अंगठा-बोट एकमेकांकडे दाबावीत, सोडावे. दाबा, दाबा, सोडा. बोटे कातड्यावरून घसरू देऊ नयेत आणि स्तनाग्र पिळू नये. पहिले मिनिटभर काही येत नाही. तेथेच पुष्कळजणी सोडून देतात. मग थेंब येतात आणि नंतर धार.

३. धार मंदावली की बोटे गोलाकार पुढे सरकवावीत. एका बाजूला चार-पाच मिनिटे, मग दुसरी, मग पुन्हा पहिली, असे वीस ते तीस मिनिटे.

४. डब्यावर तारीख आणि वेळ लिहावी. एका वेळेला लागेल तेवढेच, म्हणजे ६० ते १०० मिलिलिटर, एका डब्यात ठेवावे.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकते. आपल्याकडे वर्षातला बराच काळ घरात त्याहून जास्त उष्णता असते, म्हणून ते काढताच फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवावे, दारात नव्हे. तेथे ते चार दिवस चालते. कामावर काढलेले दूध बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून घरी आणावे.

देताना आधीचे दूध आधी वापरावे. डबा गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करावा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. वर जमलेली साय हलवून मिसळावी. बाळाने उष्टावलेले दूध पुन्हा ठेवू नये. ते बाळाला वाटीने कसे पाजायचे, हे आजीने किंवा सांभाळणाऱ्या बाईने आई घरी असतानाच आठवडाभर करून पाहावे: बाळाला उभट धरावे, वाटीची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि दूध ओठांपर्यंतच आणावे, तोंडात ओतू नये. बाळ स्वतः जिभेने घेते. आई समोर असली की पुष्कळ बाळे वाटी नाकारतात, म्हणून हे शिकवताना तिने दुसऱ्या खोलीत जावे.

पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रीज उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास थंड राहतो. वीज त्याहून जास्त वेळ गेली तर दूध बर्फाच्या डब्यात हलवावे. ज्या डब्याची थंडाई पूर्ण गेली आहे तो लगेच वापरावा, आणि तो किती वेळ तसा होता हे सांगता येत नसेल तर टाकून द्यावा. कामावरून आल्यावर हात-तोंड धुऊन आधी बाळाला अंगावर घ्यावे, आणि सुटीच्या दिवशी पूर्णपणे अंगावरच पाजावे, म्हणजे आठवडाभरात कमी झालेली ओढ भरून निघते.